सव्वादोन वर्षांचं मूल बोलत नाही: थांबायचं किती, करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा २६ महिन्यांचा आहे. ‘आई’, ‘बाबा’, ‘भू भू’, ‘नाई’ धरून आठ-नऊ शब्द बोलतो. सांगितलेलं सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं. काही हवं असलं की मोठ्यांचा हात धरून तिथे नेतो. घरात दोन भाषा आहेत. वडीलधारे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा. थांबावं का, आणि तोवर घरी काय करावं?

थांबू नका. याचा अर्थ काही गंभीर आहे असा मुळीच घेऊ नका. पण तपासून घेण्यात काही बिघडत नाही आणि थांबण्यात हातचे महिने जातात.

दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द असावेत आणि ‘बाबा गेला’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी, हा उशीर ठरवण्याचा रूढ निकष आहे. या वयाच्या १०० मुलांपैकी साधारण १० ते १५ मुलं त्यात मागे असतात आणि त्यांतली निम्मी किंवा त्याहून जास्त शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. वडीलधारे ज्यांची उदाहरणं देतात ती हीच मुलं, आणि ती उदाहरणं खरीच असतात. पण आपलं मूल त्या निम्म्यांत आहे की उरलेल्यांत, हे २६व्या महिन्यात कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलगे मुलींपेक्षा जरा मागे असतात हेही खरं; फक्त तो फरक एक-दोन महिन्यांचा असतो, वर्षभराचा नाही.

आधी शब्द नीट मोजा, कारण बहुतेक घरांत ही यादी एक तर फार लहान केलेली असते नाहीतर फुगवलेली. उच्चार स्पष्ट असायची गरज नाही. ‘गाडी’ला दर वेळी ‘दादी’ म्हणत असेल तर तो शब्द झाला. ‘माऊ’, ‘काऊ’, गाडीचं ‘पीं पीं’ हेही शब्दच. तो शब्द त्याने स्वतःहून म्हटला पाहिजे, त्याच अर्थाने म्हटला पाहिजे आणि वेगवेगळ्या वेळी म्हटला पाहिजे. तुमच्या मागून एकदा म्हटलेला शब्द अजून त्याचा झालेला नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकाच यादीत घ्या. हाताच्या ठरलेल्या खुणा (टाटा, ‘संपलं’साठी पालथे केलेले तळवे, ‘उचलून घे’साठी वर केलेले हात) वेगळ्या रकान्यात लिहा, त्यांचं मोल शब्दांइतकंच आहे. पाठ झालेले आकडे, अक्षरं, बडबडगीतांच्या ओळी मात्र यात धरू नका. मूल वीसपर्यंत मोजतं, रंगांची नावं घडाघडा म्हणतं, पण तहान लागली की नुसतं रडतं, असं असेल तर ते तज्ज्ञांना आवर्जून सांगा. शब्द तोंडातून निघणं आणि शब्दाने दुसऱ्यापर्यंत काही पोचवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

‘कळतं सगळं, फक्त बोलत नाही.’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पालक म्हणतो, आणि इथेच अंदाज सर्वांत जास्त चुकतो. मुलं फार हुशारीने प्रसंग वाचतात. तुम्ही चपला घालता घालता ‘चल, बाहेर जाऊ’ म्हणालात तर त्याला शब्द कळण्याची गरजच नसते. म्हणून अशी परीक्षा घ्या: हात मागे बांधा, वस्तूकडे पाहू नका, रोजच्या क्रमात न बसणारी गोष्ट सांगा. ‘बाहुलीला टोपी घाल.’ ‘चमचा बाबांना दे.’ ‘पलंगाखाली चेंडू आहे, आण.’ चार-पाच दिवसांत, हसत-खेळत, अशा दहा-बारा गोष्टी सांगून पाहा. या वयात एका टप्प्याच्या बहुतेक सूचना नुसत्या शब्दांवरून कळायला हव्यात. सांगितल्यावर नाक, डोळे, पोट, पाय दाखवता यायला हवेत, ओळखीच्या चित्रांवर बोट ठेवता यायला हवं. समज चांगली असेल तर उशीर भरून निघण्याची शक्यता बरीच वाढते. समजही मागे असेल तर एक आठवडाही रेंगाळू नका, कारण हा उशीर आपोआप भरून निघण्याची शक्यता कमी असते.

हात धरून नेण्याबद्दल. अनेक मुलं असं करतात आणि एवढ्यावरून काही ठरत नाही. पण नेताना तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो का, हे बघा. तुमचा हात एखाद्या अवजारासारखा डब्यावर नेऊन ठेवतो आणि नजर फक्त डब्यावरच असते, की डबा, तुम्ही, पुन्हा डबा अशी फिरते? याहून महत्त्वाचं म्हणजे तो नुसतं दाखवण्यासाठी बोट करतो का? हवं म्हणून केलेलं बोट वेगळं, आणि ‘ते बघ विमान’ असं मनातलं तुमच्याशी वाटून घेण्यासाठी केलेलं बोट वेगळं. दुसऱ्या प्रकारचं बोट, नावाने हाक मारल्यावर वळणं, आणि रिकाम्या कपातून बाहुलीला पाणी पाजण्यासारखा खोटा-खोटा खेळ या तीन गोष्टी दिसत नसतील, तर बोलण्याबरोबर एकूण विकासाचीही तपासणी करून घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट-आर’ नावाची २० प्रश्नांची चाचणी आहे. ती स्वमग्नतेची शक्यता चाळते, निदान करत नाही. त्यामुळे तिचा निकाल पाहून घरी निष्कर्ष काढू नका, तो घेऊन बालविकासतज्ज्ञांकडे जा.

बोलणं कितीही पुढे-मागे असो, कानांची तपासणी सगळ्यात आधी. ‘हाक मारली की वळतो’, ‘दार वाजलं की धावतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. सौम्य बहिरेपणात किंवा फक्त उंच पट्टीचे आवाज न ऐकू येण्यात मूल हाकेला वळतं, कारण स्वर जोरकस असतात. पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’सारखी व्यंजनं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि बोलणं त्याला गुळगुळीत, कडा नसलेलं ऐकू येतं. सर्दी होऊन गेल्यावर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं तरी तसंच होतं. त्यात दुखत नाही, ताप नसतो, शिवाय ते कमी-जास्त होतं. म्हणून मूल कधी ऐकतं, कधी ऐकत नाही आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात. जन्मानंतरची चाचणी पास झाली होती हे आज पुरेसं नाही, कारण काही श्रवणदोष नंतर निर्माण होतात.

श्रवणतज्ज्ञ आधी कान तपासून पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री करतील. मग आवाजबंद खोलीत, आवाजाकडे वळलं की उजळणारं खेळणं दाखवून, मूल किती हळू आवाज ऐकतं ते पाहतील. मूल साथ देत नसेल तर झोपेत बेरा चाचणी करतात; आवाजाला श्रवणाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते ती मोजते. फक्त ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी झटपट चाचणी) करून ‘सगळं ठीक’ असं सांगितलं, तर पुढची चाचणी लागेल का ते विचारा. श्रवणाच्या नसेशी संबंधित एका दोषात ओएई सामान्य येऊ शकते. अहवालात दोन्ही कान स्वतंत्र आणि वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज असावेत.

आता घरी काय करायचं ते. आठवड्यातून एकदा पाऊण तास वाचातज्ज्ञांकडे थेरपी मिळाली, तरी मूल त्या आठवड्यात सुमारे ८० तास जागं असतं. फरक त्या ८० तासांत पडतो.

पहिली गोष्ट ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल: बोला, आणि गप्प राहा. एक छोटं वाक्य बोलून मनात सावकाश दहा आकडे मोजा. त्या वेळात खाली बसलेले असा, चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर, भुवया किंचित वर, तोंड मिटलेलं. मोठी माणसं साधारणपणे एखाद-दोन सेकंदांत स्वतःच पुढचं बोलून टाकतात. उशिरा बोलणाऱ्या मुलाला शब्द आठवून तोंडाची जुळवाजुळव करायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो; तो तयारीत असतो तेवढ्यात त्याची पाळी निघून जाते. या दहा आकड्यांत त्याने पाहिलं, हात पुढे केला, ‘अं’ केलं, तर ते उत्तर समजा आणि लगेच प्रतिसाद द्या. काहीच आलं नाही तर शब्द तुम्ही म्हणा आणि वस्तू देऊन टाका. वाट पाहायची असेल ती ही, सेकंदांची.

दुसरी, प्रश्न कमी करा. ‘हे काय आहे? हा कोणता रंग? भू भू कसा करतो?’ हे प्रेमाने विचारलेलं असलं तरी मुलासाठी ती तोंडी परीक्षा असते, आणि ज्याला उत्तर देता येत नाही ते मूल तिथून उठून जातं. मोबाइलवर स्वतःचा पाच मिनिटांचा खेळ रेकॉर्ड करा आणि आपली वाक्यं मोजा. दहातली दोन-तीन प्रश्नार्थक असतील तर ठीक. सहा-सात निघतील आणि आश्चर्य वाटेल. ‘हे काय?’च्या जागी ‘अरे, गाडी!’ म्हणा आणि थांबा.

तिसरी, शब्द निवडा. शे-दोनशे शब्द कानावर टाकण्यापेक्षा आठ ते दहा शब्द ठरवून घ्या आणि महिनाभर तेच खेळात, आंघोळीत, कपडे घालताना येऊ द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळीच नामं निवडणं: प्राणी, फळं, रंग. नुसत्या नामांची जोडणी होत नाही. ‘दे’, ‘ये’, ‘पडला’, ‘उघड’, ‘संपलं’, ‘अजून’, ‘नको’, ‘गेला’ यांतला एक शब्द आला की त्यातून ‘अजून पाणी’, ‘बाबा गेला’, ‘गाडी नको’ तयार होतं. मूल ज्या आवाजांनी आधीच बडबडतं, त्या आवाजांनी सुरू होणारे शब्द घ्या. ‘प’, ‘ब’, ‘म’, ‘त’, ‘द’, ‘न’ हे बहुतेकांना आधी जमतात. दोन-चार शब्द त्याच्या अगदी लाडक्या वस्तूंचे असू द्या.

ठरवलेला शब्द एका खेळात आठ-दहा वेळा यावा, पण तोच तोच पाढा म्हणून नाही. ठोकळ्यांचा मनोरा रचा. ‘पडला! ठोकळा पडला. अरे, परत पडला. आता कोण पडला?’ मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि मुलांच्या कानात वाक्याचा शेवट जास्त राहतो, ही आपल्या भाषेची सोय वापरून घ्या. वाक्य छोटं करताना ते मोडू नका. ‘गाडी पड’, ‘चेंडू जा’ असं बोबडं व्याकरण ऐकवायचं नाही. ‘गाडी पडली’, ‘चेंडू पडला’, ‘पुस्तक पडलं’ या टोकांवरूनच मूल लिंग शिकत असतं. ‘भूर’, ‘मम’, ‘जोजो’सारखे बाळशब्द मात्र बिनधास्त वापरा. ते सोपे, दुहेरी आणि लयदार आहेत. पुढे ते आपोआप गळतात.

तो जिथे आहे त्याच्या एक पायरी पुढे बोला. त्याने नुसतं बोट केलं तर तुम्ही एक शब्द: ‘पंखा!’ त्याने ‘पंखा’ म्हटलं तर ‘पंखा फिरला’. त्याने चुकीचा उच्चार केला तर ‘असं नाही, नीट म्हण’ न म्हणता आपल्या वाक्यात तो शब्द नीट येऊ द्या, एवढंच. ‘र’, ‘ळ’, ‘श’ हे आवाज उशिरा येतात, त्यांच्यासाठी आता थांबून राहू नका. दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळलं तरी चालतं. तिसऱ्या वर्षी साधारण तीन चतुर्थांश, चौथ्यापर्यंत जवळजवळ सगळं कळायला हवं.

बोलण्यासाठी कारण लागतं, आणि घरातली माणसं इतकी जीव लावणारी असतात की ते कारणच उरत नाही. नजर वळताच वस्तू हातात येते. म्हणून दिवसातून दहा-बारा वेळा मुद्दाम जरा खोळंबा करा. आवडतं खेळणं पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. ठोकळे एकदम न देता एकेक द्या. साबणाचे फुगे उडवा आणि झाकण लावून शांत बसा. एकच मोजा घाला आणि थांबा. झोका मध्येच धरा. रोजच्या गाण्याचा शेवटचा शब्द गिळा. दोन वस्तू दोन हातांत धरून ‘चेंडू? की गाडी?’ विचारताना एक आवडती आणि एक नावडती घ्या, म्हणजे निवड खरी होते. भूक, झोप, शी-शू, दुखणं-खुपणं यांच्या वेळी हे कधीही करायचं नाही.

या खोळंब्याचं रूपांतर ‘बोल, मग देतो’मध्ये फार लवकर होतं, आणि तिथे सगळं बिघडतं. मूल रडतं, मोठे हट्टाला पेटतात, शेवटी वस्तू रडण्यावरच मिळते. म्हणजे त्या दिवशी मूल रडण्याची ताकद शिकतं. शिवाय काही मुलं त्या शब्दालाच धास्तावतात. कृपया हे करू नका, आणि पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव ना’ हेही नको.

तो शब्दांची नक्कल करत नसेल तर एक पायरी खाली उतरा. आधी तुम्ही त्याची नक्कल करा: त्याने टेबल वाजवलं, तुम्ही वाजवा; त्याने ‘बा’ केलं, तुम्ही ‘बा’ करा. मुलं याने चमकून पाहतात आणि देवाण-घेवाण सुरू होते. मग हातांची कृती, मग तोंडाच्या गमती, मग आवाज, मग शब्द. कृतीची नक्कल न करणाऱ्या मुलाकडून थेट शब्दाची अपेक्षा करणं म्हणजे जिना सोडून माडीवर पोचण्याची अपेक्षा करणं. खुणा शिकवल्या तर मूल आळशी होईल, बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे. खूण आणि शब्द एकत्र दिले की मुलाची चिडचिड कमी होते आणि शब्द यायला त्याचा अडथळा होत नाही.

हे सगळं दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, खाली बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून करा. बाकी वेळ रोजच्या कामांत जमेल तेवढं. पुस्तक घेतलं तर वाचून संपवू नका. तीन पानांवर गप्पा झाल्या तरी पुरे. बटण दाबलं की गाणारी-बोलणारी खेळणी थोडे दिवस वर ठेवून द्या, त्यांच्या आवाजात मोठी माणसं कमी बोलतात. मागे नुसता चालू असलेला टीव्हीसुद्धा घरातलं बोलणं खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोर बसण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत असावा, आणि कमी असेल तितकं चांगलं. बोलायला उशीर असलेल्या मुलाचा तो वेळ शून्याच्या जवळ आणणं मला योग्य वाटतं. पहिले तीन-चार दिवस आरडाओरडा होईल, त्याची तयारी ठेवा.

आणि स्वतःला बोल लावू नका. ‘आम्ही कमी बोललो म्हणून’, ‘मोबाइल दिला म्हणून’ हे ओझं, विशेषतः आयांच्या डोक्यावर, फार सहज टाकलं जातं. त्याच घरात, त्याच माणसांत वाढलेलं पहिलं मूल दीड वर्षाचं असताना घडाघडा बोललेलं असतं. घरातलं वातावरण मदत करतं, पण उशिराचं मूळ बहुतेक वेळा मुलाच्या जडणघडणीत असतं.

घरातली एक भाषा बंद करण्याचा सल्ला मिळेल; तो मानू नका. दोन भाषांमुळे मूल बोलायचं मागे राहत नाही, आणि आजी-आजोबांनी न येणाऱ्या भाषेत तोडकंमोडकं बोलण्यात मुलाचं नुकसानच आहे. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने तीच बोलावी. जीभ चिकटलेली असल्याने शब्द येत नाहीत, हाही गैरसमज. त्याने फार तर काही उच्चारांत अडचण येते. बोलणं सुरू करणारं टॉनिक नाही. मोठं भावंड त्याच्या वतीने उत्तर देत असेल तर त्याला दहा आकडे मोजण्याचा खेळ शिकवा. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात.

काही गोष्टी दिसल्या तर घरचे प्रयोग करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. येत असलेले शब्द किंवा खुणा गेल्या असतील, मग वय कोणतंही असो. मूल नजर देत नसेल, हाकेला ओ देत नसेल. चावणं-गिळणं जड जात असेल, लाळ सतत गळत असेल. बाळपणी बडबड जवळजवळ झालीच नसेल, स्वरही वेडेवाकडे येत असतील आणि तोच शब्द दर वेळी वेगळा निघत असेल, तर मेंदूकडून तोंडाच्या हालचालींची आखणी नीट होत नसल्याची, म्हणजे अॅप्रॅक्सियाची शंका घेतात. तिचं पक्कं निदान साधारणपणे तीन वर्षांच्या आधी होत नाही, पण उपचार त्याआधी सुरू करता येतात.

वाचातज्ज्ञ निवडताना एक गोष्ट आग्रहाने पाहा: पालकांना आत बसवतात का आणि त्यांच्या हातून करून घेतात का. या वयात दार बंद करून मुलाला टेबलाशी बसवून चित्रपत्ते दाखवणारी थेरपी फारशी उपयोगाची नसते. पुढच्या तीन महिन्यांची उद्दिष्टं मोजता येतील अशा शब्दांत लिहून मागा. ‘बोलणं सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवसातून दहा वेळा स्वतःहून खूण किंवा शब्द वापरून मागणे’ हे उद्दिष्ट. प्रगती बहुधा नजर, खुणा, नक्कल, मग शब्द अशा क्रमाने दिसते, म्हणून पहिल्या महिन्यात शब्द वाढले नाहीत तरी हे बाकीचं वाढतंय का ते लिहीत राहा. बारा आठवड्यांत यांतलं काहीच हललं नाही, तर पद्धत बदलायची की आणखी तपासणी करायची, हे त्यांच्याशी बसून ठरवा.

पहिल्या भेटीला तीन गोष्टी न्या: शब्दांची आणि खुणांची यादी, कानांचा अहवाल, आणि घरी खेळताना, जेवताना, काही मागताना घेतलेले दोन-तीन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ. नव्या जागी मुलं गप्प होतात आणि पाऊण तासात त्यांचं खरं रूप दिसत नाही, म्हणून व्हिडिओ फार कामाला येतात. वेळ त्याच्या दुपारच्या झोपेनंतरची मागून घ्या आणि त्याचं एक आवडतं खेळणं पिशवीत असू द्या.